एक शनिवार डांबरासाठी: मिडलँड्समधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या आधी दोन मिनिटं मागून घेऊन मी एक आवाहन केलं होतं. इथल्या कालव्यांवरच्या जुन्या मालवाहू होड्या दुरुस्त करून तरंगत्या ठेवणारा आमचा एक छोटा गट आहे, त्यासाठी. बटाटेवड्यांचा वास सुटलेला असताना माणसाने माइक हातात घेऊ नये, हे मला कळायला हवं होतं. तरी घेतला. ‘आमच्या जुन्या होडीला महिन्यातला एक शनिवार द्या’, एवढंच म्हणाले. टाळ्या पडल्या. नाव मात्र एकानेही दिलं नाही. नंतर हात धुताना एक गृहस्थ जवळ आले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, ‘ताई, तुमचं कौतुक आहे. पण ही त्यांची लाकडं. त्यांच्या कोळशाच्या होड्या. तिकडे आपले किल्ले ढासळताहेत आणि तुम्ही इथे यांच्या लाकडांना डांबर फासत बसता?’

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. सुचलं तोवर श्रीखंड संपलं होतं आणि ते गृहस्थही गेले होते. म्हणून हे पत्र. त्यांच्यावर राग म्हणून नव्हे. उलट त्यांनी तोंडावर विचारलं हे बरं केलं. बाकीच्यांच्या मनात तेच होतं, फक्त तोंडात वडा होता.

मी मूळची ठाण्याची. आमच्या लहानपणी बसचा कंडक्टर ‘कॅडबरी, कॅडबरी’ म्हणून ओरडायचा आणि निम्मी बस उतरायची. कॅडबरी हे आमच्या लेखी आधी नाक्याचं नाव होतं, मग चॉकलेटचं. लग्नानंतर बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात कालव्याकाठच्या पायवाटेने चालत असताना बोर्नव्हिलच्या कारखान्यापाशी पोचले. मूळ कॅडबरी ती हीच. नाका सोडून सात समुद्र ओलांडून आले तर नाका माझ्या आधी इथे हजर! पण हा कारखाना पाण्याला इतका चिकटून का, हे कळायला मला पुढे वीस वर्षं लागली. १८७९मध्ये कॅडबरी बंधू शहर सोडून इथे आले तेव्हा वूस्टर-बर्मिंगहॅम कालवा इथून जात होताच. त्यांचा नाइटन या गावी, स्टॅफर्डशरमध्ये, १९११पासून दुसरा कारखाना होता. आसपासच्या गोठ्यांतलं दूध तिथे गोळा करायचं, कोको आणि साखर घालून आटवायचं, सुकवायचं, आणि तो भुगा होड्यांत भरून इथे बोर्नव्हिलला पाठवायचा. कालव्याने. ही वाहतूक १९६१पर्यंत चालू होती. म्हणजे ज्या चॉकलेटचं नाव घेऊन आपण लहानपणी रुसलो-फुगलो, ते इथल्या लोकांनी निदान पन्नास वर्षं होडीतून खाल्लं आहे.

‘त्यांची लाकडं’ म्हणताना हे एवढं आठवावं. दुसरंही आठवावं. पूर्वी ग्रँड युनियन कालव्यावरून इथल्या ॲदरस्टन भागातला कोळसा लंडनकडच्या साउथॉलमधल्या एका जॅम कारखान्याला जायचा. होडीवाले त्या फेरीला लाडाने ‘जॅम होल’ म्हणत. लांब पल्ल्याची ही शेवटची नियमित फेरी १९७०च्या शरदात थांबली. साउथॉल म्हणजे तेच, जिथून आपण लंडनला गेलो की कढीपत्ता आणि हापूसच्या पेट्या आणतो. त्या वेळी तिथे भारतीयांची वस्ती वाढत होती. एकीकडे शेवटचा कोळसा उतरत होता आणि दुसरीकडे पहिली मिठाईची दुकानं थाटली जात होती. तेव्हा या कालव्यांशी आपला संबंध नाही, असं मला तरी छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

आता होडीबद्दल. ज्यांनी नुसतं काठावरून बघितलं आहे त्यांना या होड्या म्हणजे फुलांनी रंगवलेल्या लांबुडक्या पेट्या वाटतात. मलाही वाटायच्या. इथल्या अरुंद कालव्यांवरचे लॉक सात फूट रुंद आणि बहात्तर फुटांच्या आसपास लांब. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. होडी आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, होडी वर. जेम्स ब्रिंडली या गिरणी दुरुस्त करणाऱ्या माणसाने हे माप ठरवलं. मग होड्याही तेवढ्याच झाल्या, रुंदीला सात फुटांच्या आत, लांबीला सत्तर-बहात्तर. पंचवीस टन माल एका होडीत. रस्त्यावरच्या घोड्याला दोन टन ओढताना फेस येई, तोच घोडा काठावरून चालत पाण्यातली होडी सहज ओढी. चिनीमातीची भांडी करणाऱ्या जोसाया वेजवुडने १७६६मध्ये ट्रेंट-मर्सी कालव्याची पहिली कुदळ मारली ती काही समाजसेवा म्हणून नव्हे. खडबडीत रस्त्यावर त्याची भांडी फुटत होती. पाण्यावर धक्का बसत नाही.

पुढे घोड्यांच्या जागी इंजिनं आली. इंजिनाच्या होडीला ‘मोटार’ म्हणतात आणि तिच्या मागे बांधलेल्या बिनइंजिनाच्या होडीला ‘बटी’. आमच्या गटाकडे दोन्ही आहेत. आमच्या मोटारीतलं रसेल न्यूबेरीचं दोन सिलिंडरचं इंजिन सुरू झालं की मला मामाच्या विहिरीवरचं साताऱ्याचं कूपर इंजिन आठवतं. तोच सावकाश, ठाम ठोका, मधूनच एक ठोका चुकल्यासारखा. तुमच्यापैकी ज्यांचं बालपण उसाच्या रानात गेलं आहे त्यांनी एकदा डोळे मिटून ते ऐकावं. बाकी काही पटलं नाही तरी ते पटेल.

बटीच्या मागच्या टोकाला एक खोली असते. दहा फूट लांब, सात फुटांना थोडी कमी रुंद. आम्ही चाळीत दहा बाय बारात सात माणसं राहिलो, तेव्हा लहान जागेचं मला फारसं अप्रूप नाही. तरी पहिल्यांदा त्या खोलीत उतरले तेव्हा मी गप्प झाले. यात अख्खं कुटुंब राहायचं. जन्म इथे, आजारपण इथे. आत शिरलं की डावीकडे ओतीव लोखंडाची चूल. तिच्या शेजारी एक कपाट, त्याचं दार खाली पाडलं की जेवायचं टेबल. पुढे आडवा बिछाना, तोही दिवसा घडी करून कपाटात. पायरी म्हणून ठेवलेली पेटी, तिच्यात कोळसा. म्हणजे प्रत्येक वस्तूला दोन कामं, चाळीसारखीच. आणि या एवढ्याशा जागेत भिंतीवर जाळीदार काठाच्या बशा टांगलेल्या, क्रोशाचे पडदे, चुलीवर पितळी कड्यांची रांग. माझी आई फळीवरची पितळेची भांडी दर शनिवारी लखलखवायची. ते पितळ बघून मला ती आठवली, आणि आता आमच्या होडीचं पितळ ठाण्याहून आणलेल्या पितांबरीने घासलं जातं. इथले सोबती त्या पिवळ्या पाकिटाकडे आधी संशयाने बघायचे. आता मी भारतात निघाले की यादी देतात.

त्या पितळेच्या झळाळीमागे गरिबी होती, हे मात्र विसरू नये. रेल्वेने दर पाडले तेव्हा होडीवाल्यांना काठावरची घरं परवडेनात, म्हणून बायकापोरं होडीवर आली. ती कायम फिरती, त्यामुळे मुलांना शाळा नाही. पिढ्यान्‌पिढ्या निरक्षर. १८७७मध्ये या होड्यांची नोंदणी करून आत किती माणसं राहावीत यावर कायदा करावा लागला. ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर फिरणाऱ्या मुलांची गोष्ट आपण ऐकत आलो आहोत. ही तीच गोष्ट, फक्त कोयत्याच्या जागी सुकाणू. म्हणून गुलाब आणि किल्ल्यांची ती प्रसिद्ध नक्षी (होय, किल्ले, इथल्या होडीवाल्यांनाही दारावर किल्ला काढायची हौस होती) बघून ‘किती गोड’ म्हणणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. ज्यांच्याकडे अंगण नव्हतं त्यांनी पाण्याच्या डब्यावर बाग रंगवली. आपल्याकडच्या बायका उंबऱ्याएवढ्या जागेत रांगोळी घालतात, तसंच.

मग हे सगळं मोडलं. १९४८मध्ये बहुतेक कालवे सरकारच्या ताब्यात गेले, लॉऱ्या वाढल्या, आणि १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले. माल अडकला, गिऱ्हाईकं रस्त्याकडे गेली ती परत आली नाहीत. बिनकामाच्या होड्यांचं काय करायचं? काही जाळल्या. काही मुद्दाम बुडवल्या. लंडनच्या वायव्येला हेअरफील्डच्या तळ्यात १९५०च्या दशकाच्या शेवटी कितीतरी होड्या अशा तळाशी घातल्या गेल्या. उरल्या त्यांतल्या अनेक कापून आखूड केल्या, वर घराचा सांगाडा चढवला. या शेवटच्या प्रकाराला शुद्धतावादी मंडळी नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. ज्याने होडीचं घर केलं त्याने ती तरंगती ठेवली. अजून सांगाडा उतरवून मूळ रूप देता येतं. राख झालेलीला काय देणार?

इथपर्यंत इतिहास झाला, तो तुम्हाला कुठेही मिळेल. मला खरं सांगायचं आहे ते पुढचं.

आमची बटी लाकडाची आहे, तिशीच्या दशकातली. बाजूच्या फळ्या ओकच्या, तळ एल्मचा. तळाच्या फळ्या आडव्या बसवलेल्या, तीन-तीन इंच जाड. एल्म का? कारण एल्म सतत पाण्याखाली राहिला तर कुजत नाही. एकदा ओला एकदा सुका असा खेळ केला की तो संपला. चार वर्षांपूर्वी आम्ही तिला डॉकवर, म्हणजे दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर, घेतलं. बाजूची एक फळी बदलायची होती, पंधरा दिवसांचं काम. पण हवा तसा लांब, गाठ नसलेला ओक वेळेवर मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा वाफेवर वाकवताना तडकला. (फळी वाफेच्या पेटीत तासन्‌तास शिजवतात. बाहेर काढली की ती बसवायला हातात काही मिनिटंच असतात; पुरणपोळी तव्यावरून उलटताना जेवढी घाई असते त्याच्या दसपट.) पंधरा दिवसांचे सात आठवडे झाले. तो उन्हाळा कडक होता. आम्ही ओली पोती घातली, पाइपने पाणी मारलं, तरी फळ्या सुकल्या आणि आकसल्या. फटींतून बोट जाईल इतक्या उघडल्या.

पुन्हा पाण्यात सोडली त्या संध्याकाळी होडीला चाळीस ठिकाणी गळती लागली. मी आत उभी होते. आधी घोटा, मग पोटरी, मग गुडघा. दोन पंप रात्रभर चालू. आम्ही सहा जण आळीपाळीने जागलो, आणि मला पक्कं वाटलं की ही आता गेली. मग ऐंशीच्या घरातले एक आजोबा आले. त्यांचा जन्मच होडीवरचा. त्यांनी काय करावं? चुलीतली राख आणि लाकडाचा भुसा बादलीत कालवून काठीने होडीच्या बाहेरून, तळापाशी, पाण्यात सोडला. गळतीच्या ओढीने पाणी आत शिरतं तेव्हा तो भुसा आपोआप फटीत ओढला जातो आणि अडकतो. म्हणाले, ‘थांबा. तहान भागली की गप्प होईल.’ तिसऱ्या दिवशी सकाळी पंप बंद केला. लाकूड फुगलं होतं. फटी मिटल्या होत्या. होडी गप्प झाली होती.

त्या तीन रात्रींत मला जे कळलं ते कुठल्याही संग्रहालयाच्या पाटीवर नव्हतं. किल्ला सोडून दिला तर शंभर वर्षांनी ढासळतो. लाकडाची होडी कोरडी ठेवली तर एका उन्हाळ्यात मरते. तिला छपराखाली, दोऱ्या लावून, स्वच्छ पुसून ठेवणं म्हणजे तिचा जीव घेणं आहे. इथल्या काही जाणत्या लोकांनी तर दुरुस्तीचे पैसे नसताना लाकडी होड्या मुद्दाम उथळ पाण्यात बुडवून ठेवल्या, कारण बुडालेली होडी टिकते. आपल्या भाषेत कोरडी सहानुभूती म्हणतात ना, ती यांना अगदी शब्दशः चालत नाही.

फटी कशा भरतात तेही सांगते. जुन्या दोरखंडाचे तंतू सोडवून, डांबरात माखून त्यांची वळकटी करायची, पसरट पात्याच्या छिन्नीने ती फळ्यांच्या सांध्यात ठोकायची आणि वरून उकळती राळ ओतायची. ठोकताना आवाज बदलतो. पोकळ, पोकळ, पोकळ, आणि मग एकदम भरीव. तो बदल कानाला कळेपर्यंत मला एक वर्ष लागलं. आत, फळ्या आणि अस्तर यांच्यामध्ये, पूर्वी एक लेप घालत. त्याला ‘चॅलिको’ म्हणत. डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद, हे एकत्र गरम करून. आमच्या गटातल्या एका तरुणीने हे ऐकून नाक दाबलं. मी म्हटलं, बाई गं, माझ्या आजीचं घर शेणाने सारवलेलं होतं, मला दे ती बादली.

आता एल्मचं बघा. १९६०-७०च्या दशकांत एका बुरशीच्या रोगाने या देशातले कोट्यवधी एल्म मारले. तळाला घालायला मोठा एल्म आता हुडकावा लागतो. म्हणून पुष्कळ होड्यांचे तळ पोलादी झाले. यावरून आमच्या गटात इतकी भांडणं झाली आहेत की कुठल्याही मराठी मंडळाच्या निवडणुकीने मान खाली घालावी. मला विचाराल तर, पोलादी तळाची होडी चालत असेल तर ती एल्मच्या तळाच्या बुडालेल्या होडीपेक्षा बरी. पण बाजू लाकडी असतील तर निदान एका होडीचा तळ तरी एल्मचाच राहावा, नाहीतर एल्मवर खिळा कसा बसतो हे जाणणारा हात उरणार नाही. हे हात फार थोडे उरले आहेत. राख-भुशाचे आजोबा मागच्या हिवाळ्यात गेले.

होडी टिकायची तर ती चालली पाहिजे, आणि ती चालायची तर कालवा खोल हवा. नव्या होड्या उथळ असतात, जुन्या खोल बसतात. रिकामी असली तरी आमची मोटार मागच्या बाजूला अडीच फुटांहून जास्त पाण्यात असते. गाळ साचला की ती तळाला घासते, इंजिन कण्हतं, आणि काठावरचे लोक फोटो काढतात. शिवाय जुन्या होड्यांची पोटं वयाने सुटतात. म्हणून मालाच्या जागेत आडव्या साखळ्या लावून दोन्ही बाजू आत ओढून धरतात. लॉकच्या भिंती मात्र उलट्या आत सरकतात. चेशरमधल्या हर्लस्टनच्या लॉकच्या भिंती अशा आत आल्या होत्या की लँगोलेन कालव्यावर कितीतरी जुन्या होड्यांना वर्षानुवर्षं जाता येत नव्हतं. शेवटी भिंत नव्याने बांधावी लागली. दोन-तीन इंचांचा प्रश्न, आणि सगळा कालवा बंद.

हे सगळं सांभाळते ती कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट, २०१२पासून, इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग. २०२३मध्ये सरकारने २०२७ नंतरच्या दहा वर्षांसाठी सुमारे ४० कोटी पौंड जाहीर केले. ऐकायला डोंगराएवढे, पण वर्षाला कमी कमी होत जाणारे, आणि महागाई धरली तर आजच्यापेक्षा बरेच थोडे. धरणं जुनी आहेत. २०१९मध्ये डर्बीशरमधल्या व्हेली ब्रिज गावाजवळचं धरण फुटण्याच्या बेतात आलं आणि गावातल्या सुमारे दीड हजार लोकांना हलवावं लागलं, ते याच व्यवस्थेतलं. तेव्हा पैसे आधी धरणांना जाणार, मग लॉकना, मग गाळाला. होड्यांना उरेल असं मी धरतच नाही.

आणि इथे त्या गृहस्थांच्या किल्ल्यांकडे येते. मी स्वतः पंचविशीत राजगडावरच्या टाक्यातला गाळ उपसला आहे. २०२५मध्ये युनेस्कोने आपल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं तेव्हा ऑफिसमध्ये पेढे मी वाटले. पण किल्ल्यांमागे निदान कायदा आहे. दगड हलवला तर कुणी विचारणारा आहे, निदान कागदावर. इथे काठावरचं गोदाम संरक्षित असतं, त्यासमोरचा पूल संरक्षित असतो, लॉकसुद्धा संरक्षित असतो. त्या लॉकमधून जाणारी होडी मात्र नसते. तिची नोंद राष्ट्रीय यादीत असली तरी उद्या मालकाने करवत चालवली तर कायदा अडवू शकत नाही. १९०९मध्ये इथल्याच सॉल्टलीत बांधलेली ‘प्रेसिडेंट’ ही वाफेची होडी आज डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियमकडे आहे, तिला नाव आहे, चाहते आहेत. आमच्या बटीसारख्यांना फक्त शनिवार आहेत.

म्हणून मागते ते शनिवार. तुमच्यातले निम्मे इंजिनिअर आहेत, हे मला माहीत आहे. तुम्ही ते न सांगता फार वेळ राहू शकत नाही. गटात सध्या आम्ही नऊ जण, त्यातले सहा सत्तरीच्या पुढचे. पंप उचलायला पाठी हव्यात. हिशेब लिहायला माणूस हवा, कारण अनुदानाचे अर्ज भरणं हे राळ ओतण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि ज्या समाजाने मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्या चालवल्या त्याला ते जमणार नाही असं मी ऐकून घेणार नाही. आजोबांसारखी अजून दोन-तीन माणसं हयात आहेत, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला कुणीतरी तरुण हवं. त्यांची बोली समजत नाही अशी तक्रार करू नका. मालवणी बोली समजून घेतो तसं समजून घ्यायचं.

आणि मंडळाला एक वेगळी विनंती. दरवर्षी उन्हाळ्यात आपण संगीताची, दिव्यांची, प्लास्टिकच्या पानांनी सजवलेली पार्टीबोट भाड्याने घेतो. यंदा ते पैसे एखाद्या जुन्या होडीच्या सहलीला द्या. अशा सहली चालवणारे स्वयंसेवी गट आपल्या आसपास आहेत. टार्डबिगचे सलग तीस लॉक चढायला अख्खा दिवस लागतो, ताशी चार मैलांच्या वर जायला बंदी आहे, आणि मुलांना मोबाइल विसरायला लावणारी याहून स्वस्त युक्ती मला सापडलेली नाही. कालव्याकाठी राहणाऱ्यांनी कोळसा, डिझेल, गॅसच्या टाक्या विकत येणाऱ्या होड्यांकडून घ्यावं, त्यातल्या पुष्कळ जुन्याच आहेत. गिऱ्हाईक असेल तोवर त्या चालतील. आणि हो, गणपती विसर्जनाला कालवा चालेल का, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. नाही चालणार. मध्यावर जेमतेम चार फूट पाणी असतं, ते वाहतही नाही. पुढच्या वर्षी लवकर या म्हणाल आणि पुढच्या वर्षी तेच गणपती आमच्या होडीच्या पंख्यात अडकतील.

मार्च संपताना होडी पुन्हा डॉकवर घेणार आहोत, या वेळी दहा दिवसांसाठीच, आणि ओक आधीच कापून आणून ठेवला आहे. तळाला बाहेरून डांबर फासायचं आहे. जुने कपडे घाला, ते परत घरी न्यायचे नाहीत असं समजूनच. बूट जाड तळव्याचे. चहा आम्ही देतो, पण तो इथल्यांचा असतो, तेव्हा ज्यांना आलं लागतं त्यांनी थर्मास आणावा आणि माझ्यासाठी एक कप जास्त. डांबर नखांतून चार दिवस निघत नाही, खोबरेल तेलाने थोडं लवकर निघतं. गुढीपाडव्याला ज्यांच्याकडे श्रीखंड हाताने फेटतात, त्यांनी तारखा बघून या.

आपली,
कालव्याकाठची एक ठाणेकर